घराभोवतीची वाघळं: धुरी देण्याआधी एवढं बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुंबईची नोकरी संपवून तुम्ही दोघं वेळणेश्वरजवळच्या जुन्या घरात राहायला आलात. पडवीत रोज सकाळी चोथा आणि बिया पडलेल्या, भिंतीवर ओघळ. दिवेलागणीला कौलांखालून पाकोळ्या, म्हणजे किडे खाणारी चिमुकली वाघळं, भुर्रकन बाहेर पडतात. आगराच्या (घराच्या बागेच्या) कडेच्या वडावर मोठी वाघळं दिवसभर कलकलाट करतात. शेजारी म्हणतात मिरचीची धुरी द्या आणि वडाच्या फांद्या उतरवून टाका. वहिनींनी वाघळांतून माणसात येणाऱ्या निपाह विषाणूच्या बातम्या वाचल्यात आणि मे महिन्यात नात यायची आहे. तेव्हा यांना घालवायचं कसं?

मी गेली पंचवीस वर्षं गुहागर-दापोली पट्ट्यात साप आणि वाघळांसाठी येणारे फोन घेतो. त्याआधी वडिलांच्या हाताखाली कौलं चाळायला जायचो, त्यामुळे घराच्या माथ्यावर कोण कोण राहतं ते वर बसून पाहिलेलं आहे. उत्तर लांबणार आहे, कारण तुम्हाला हा एक प्रश्न वाटतोय पण ते तीन आहेत. पडवीत येणारं वाघूळ वेगळं, कौलांतली पाकोळी वेगळी आणि वडावरचं धूड वेगळं. एकाला लागू पडणारा उपाय दुसऱ्याला लावला की घोळ होतो, आणि शेजाऱ्यांची धुरी तर तिघांपैकी कुणालाच लागू नाही.

उद्या सकाळी झाडू मारायच्या आधी पडवी नीट बघा. चघळून चपटा झालेला चोथा, जांभळाच्या, ओवळाच्या (बकुळीच्या) किंवा खोट्या अशोकाच्या बिया, बदामाचे कुरतडलेले बाठे, भिंतीवर चिकट शिंतोडे असं असेल तर तो फळं खाणारा गडी. भिंतीच्या कडेला तांदळाएवढ्या काळपट लेंड्या असतील तर एक लेंडी कागदात धरून चुरडा. भुगा होऊन त्यात किड्यांच्या पंखांची चमक दिसली तर ती पाकोळीची. उंदराची लेंडी अशी सहज चुरडत नाही, आणि पालीच्या लेंडीला एका टोकाला पांढरा ठिपका असतो. तिसरी शक्यता तुम्ही लिहिलेली नाही, पण जुन्या घरात ती असते: खाली नाकतोड्यांचे पाय, पतंगांचे पंख, एखाद वेळी बेडकाची तंगडी किंवा पाखराची पिसं. हे मोठ्या कानांचं, करड्या रंगाचं, मांस खाणारं वाघूळ. ते बहुधा बंद पडलेल्या मांगरात (आगरातल्या खोपीत) किंवा न वापरलेल्या खोलीत दिवस काढतं आणि शिकार खायला पडवीत येतं. रक्त वगैरे काही पीत नाही. रक्त पिणारी वाघळं फक्त अमेरिका खंडात, तीही मेक्सिकोपासून खाली.

आता पडवी. तुमच्या वर्णनावरून तिथे येतंय ते आखूड नाकाचं लहान फळवाघूळ, सायनोप्टेरस स्फिंक्स. वजन साधारण लहानशा लिंबाएवढं, तोंड कुत्र्याच्या पिल्लासारखं, कानाच्या कडा पांढरट. ते तुमच्याकडे राहत नाही, फक्त जेवायला येतं. फळाच्या झाडावरच बसून खाल्लं तर घुबडाला आयतं सापडतं आणि भाऊबंद फळ हिसकावतात, म्हणून एक फळ तोंडात धरायचं, शंभर-दोनशे पावलांवर एखादी आडोशाची जागा गाठायची, तिथे उलटं लटकून रस गिळायचा, चोथा थुंकायचा आणि परत झाडाकडे. रात्रीत अशा कितीतरी खेपा. माणसाची पडवी म्हणजे त्याला मिळालेलं उत्तम हॉटेल: वर छप्पर, वारा नाही, घुबड आत शिरत नाही, आणि दहा वाजता दिवा मालवला की शुकशुकाट.

दिवसा हे कुठे असतं म्हणाल तर बऱ्याचदा तुमच्याच आगरात. भेरली माड आहे का बघा, तोच, ज्याचे फुलांचे झुबके घोड्याच्या शेपटीसारखे लोंबतात. नर त्या झुबक्याच्या आतल्या काही लोंब्या कुरतडून टाकतो, आत घंटेसारखी पोकळी तयार होते आणि त्यात तो माद्यांना घेऊन बसतो. खालून बघितलं तर चार-पाच चिमुकली तोंडं आपल्याकडे बघत असतात. ताडाच्या पानांखाली आणि सुकलेल्या झावळ्यांतही बसतात. मला तर हे बघायला अजून मजा येते, पण ते असो.

पडवीतून त्याला हलवायचं तर त्याची लटकायची जागा काढून घ्या. वाघळाला पायाच्या नख्या अडकवायला खरखरीत काहीतरी लागतं. पडवीत ते कुठेही लटकत नाही. त्याच्या ठरलेल्या दोन किंवा तीन जागा असतात: आढ्याजवळचा वासा, पंख्याचा हूक, वायरीची पट्टी, झोपाळ्याची कडी. रात्री साडेआठ-नऊला टॉर्च घेऊन एकदा बघा, किंवा सकाळी चोथ्याचा ढीग नेमका कशाखाली आहे ते बघून वर नजर टाका. तेवढ्याच जागेवर हातभर रुंदीचा गुळगुळीत सनमायकाचा तुकडा किंवा जाड प्लॅस्टिक ताणून ठोका. वासा असेल तर प्लॅस्टिक पूर्ण गुंडाळून खालून खिळे मारा, घडी राहू देऊ नका, घडीतही नखी अडकते. दोन-तीन रात्री ते येऊन फडफडेल, शेजारची जागा शोधेल, तिथेही तुकडा ठोका. आठवड्याभरात बहुतेक घरी काम होतं. इथे ते दिवसा झोपत नाही, पिल्लं ठेवत नाही, त्यामुळे हा उपाय बारा महिन्यांत कधीही करा, कुणाचा जीव जात नाही.

दुसरा मार्ग तुमच्या भागात अनेकांकडे अर्धा तयारच असतो. झडीसाठी पावसाळ्यात पडवीला जी हिरवी शेडनेट किंवा ताडपत्री बांधता, ती गुंडाळी करून वर ठेवा आणि दिवेलागणीला खाली सोडा. खालचा भाग ताणून कठड्याला बांधा. जाळी ढिली लोंबत ठेवू नका, आणि मासे पकडायची नायलॉनची जाळी तर अजिबात लावू नका. ती अंधारात वाघळाला दिसत नाही, पंख गुरफटतात, सकाळी जिवंत सोडवताना ते तुम्हाला चावतं आणि मेलेलं असेल तर नातीसमोर नको तो देखावा.

रात्रभर पडवीत दिवा ठेवायचा सल्ला मिळेल. चालतो, पण चार-आठ दिवस. मग वाघूळ सरावतं, आणि दिव्यावर किडे येतात, किड्यांवर पाली आणि पाकोळ्या येतात, वीजबिलही वाढतं. ‘अल्ट्रासोनिक’ नावाची जी पेटी ऑनलाइन विकतात तिच्यावर पैसे घालू नका. हे फळवाघूळ डोळ्यांनी आणि नाकाने वाट काढतं, आवाजाच्या प्रतिध्वनीवर नाही, आणि पाकोळीलाही तिची सवय होते. डांबरगोळ्या टांगणारे असतात. त्यांचा वास पडवीत बसणाऱ्या माणसालाच जास्त लागतो.

कौलांचं प्रकरण नाजूक आहे, तेव्हा इथे जरा सावकाश.

पाकोळी म्हणजे अंगठ्याएवढं, तीन-चार ग्रॅमचं जनावर. कोन्याच्या कौलाखाली, वासा आणि भिंतीच्या सांध्यात, मंगलोरी कौलांच्या दोन थरांमध्ये, करंगळी जेमतेम जाईल एवढ्या फटीत दाटीवाटीने बसतात. सूर्य मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत एकेक सुटायला लागते. तुम्ही घाबरून शंभर लिहिलंत, मोजल्यावर बहुधा वीस-तीस भरतील. खळ्यात, म्हणजे अंगणात, खुर्ची टाकून एक संध्याकाळ मोजा. त्याने दोन कामं होतात: आकडा कळतो आणि नेमकं कुठल्या फटीतून येतात ते कळतं. पुढच्या सगळ्या कामाला हे दुसरं लागणार आहे.

त्या डास खातात म्हणून ठेवा, असं मी सांगणार नाही. डास खातात हे खरं, पण पाकोळ्या आहेत म्हणून मच्छरदाणी सोडून दिलेलं घर मला अजून भेटलेलं नाही. शेतावर त्यांचा उपयोग जास्त. भाताला त्रास देणारे तुडतुडे आणि खोडकिड्याचे पतंग रात्री उडतात, आणि रात्री उडणारं ते खायला पाकोळी उठते. तुमचं शेत नसेल तर शेजाऱ्यांचं असेल, धुरीचा सल्ला देणाऱ्यांचंच.

माझा स्वतःचा गाढवपणा सांगतो. काम सुरू केल्यावर दुसऱ्याच वर्षी, मे महिन्यात, एका घरमालकीण काकूंनी आगोटीची (पावसाआधीची) कामं चालली असताना बोलावलं. कौलं चाळणारी माणसं वर होतीच. मी भर दुपारी कोन्याच्या सगळ्या फटी सिमेंटने लिंपून घेतल्या आणि ऐटीत सांगितलं, झालं काम. आत पाकोळ्या होत्या, पोटाला पिल्लं घेऊन. चार दिवसांत माजघरात वास सुटला, तो पंधरवडाभर गेला नाही, वरून अळ्या पडायला लागल्या. कौलं पुन्हा काढावी लागली. त्या काकूंनी मला पैसे दिले, पण पाण्याला विचारलं नाही, आणि ते बरोबरच केलं.

खरी अडचण ही की आपल्याकडे छपराला हात लागतो तो आगोटीला, एप्रिल-मेमध्ये, आणि नेमकी तेव्हाच वाघळांच्या बऱ्याच जातींची पिल्लं असतात. काहींची पावसातही असतात. पिल्लू उडायला लागेपर्यंत महिना-दीड महिना जातो आणि तोवर ते फटीतच असतं. धुरी दिली की मोठी पाकोळी उडून जाते, पिल्लू तिथेच गुदमरतं किंवा खाली पडतं. गुदमरायला लागलेली मोठी पाकोळीही दरवेळी बाहेरच जाते असं नाही, वाशाच्या कडेने घरात उतरते. मिरचीच्या धुरीनंतर ‘घरात वीस पाकोळ्या शिरल्या’ म्हणून मला आलेले फोन मोजता येणार नाहीत इतके आहेत. तीच माणसं वरून विचारतात की पाकोळ्या एकाएकी अशा का वागायला लागल्या.

म्हणून कौलांचं काम दिवाळीनंतर काढा, मकरसंक्रांतीच्या आत उरका. रीत अशी. ज्या एक-दोन फटींतून त्या बाहेर पडतात त्या सोडून बाकी सगळ्या संध्याकाळी त्या उडून गेल्यावर बुजवा. मग उरलेल्या फटीवर बारीक छिद्रांच्या नायलॉन जाळीचा पडदा लावा: वरून आणि दोन्ही बाजूंनी पक्का, खालून मोकळा, फटीच्या खाली दीड-दोन फूट लोंबेल असा. बाहेर पडणारी पाकोळी पडद्याआडून खाली सरपटत मोकळी होते. परतताना ती थेट फटीच्या तोंडाशी येते, तिथे जाळी लागते आणि खालून वळून चढायचं तिला सुचत नाही. सहा-सात रात्री पडदा ठेवा. पाऊस किंवा कडक थंडी असेल तर जास्त ठेवा, कारण तेव्हा सगळ्या बाहेर पडत नाहीत. एक संध्याकाळ कुणीच बाहेर आलं नाही याची खात्री झाली की पडदा काढून फट बुजवा. बुजवायला चुना-सिमेंटचा मसाला चांगला. जिथे वारा खेळता राहायला हवा तिथे जाळी लावावी, पण साधी लोखंडी नको. आपल्या खाऱ्या हवेत गॅल्व्हनाइज्ड जाळीसुद्धा काही पावसाळ्यांत गंजून भुसभुशीत होते. स्टेनलेस स्टीलची महाग पडते, पण एकदाच घ्यावी लागते.

पण मला विचाराल तर सगळं बुजवू नका. पाकोळ्या माजघरावर बसत असतील तर तिथलं बंद करा. पडवीच्या टोकाला, गोठ्यावर किंवा मांगरावर बसत असतील तर राहू द्या आणि खाली एक फळी ठोका: वीतभर रुंद, भिंतीला थोडी तिरकी, फटीच्या हातभर खाली. लेंड्या फळीवर पडतात, महिन्यातून एकदा झटकून कुंडीत किंवा माडाच्या आळ्यात घाला. नत्र भरपूर असतं, फक्त थोडं थोडं घाला, नाहीतर रोप जळतं. माझ्या घरी मांगराच्या आढ्याखाली अशी फळी आहे आणि त्या लेंड्यांवर मिरचीची रोपं छान येतात. बाजारातली लाकडी ‘बॅट बॉक्स’ घ्यायची असेल तर हौस म्हणून घ्या. त्यात पाकोळ्या येतीलच याची खात्री कुणी देऊ शकत नाही, आणि जुन्या कौलांएवढी पसंतीची जागा दुसरी नाही.

आता स्लॅबवर पत्र्याची शेड घालायची पद्धत सगळीकडे आली आहे. तुमच्याकडे तशी असेल तर पत्र्याच्या पन्हळीच्या टोकाला पाकोळ्या बसतात. पत्रा उन्हात तापला की त्या सावलीच्या बाजूला सरकतात, म्हणून कधी दिसतात कधी गायब होतात. नवीन शेड घालतानाच पन्हळीची टोकं बंद करणाऱ्या पट्ट्या लावून घ्यायच्या, म्हणजे पुढे काहीच करावं लागत नाही.

वडाबद्दल थोडक्यात. त्यावर आहेत ती भारतातली सगळ्यांत मोठी वाघळं. पंख पसरले की चार फुटांपेक्षा जास्त भरतात, वजन किलोच्या पुढे जातं. वर्षाला एकच पिल्लू, शिमग्याच्या सुमारास जन्मणारं, आणि पहिले काही आठवडे आई त्याला पोटाला घेऊनच उडते. त्या झाडावर ती तुमच्या आजोबांच्या आधीपासून असतील. माणसांना हाकलावं तशी ती हाकलता येत नाहीत. फटाके लावले तर कलकलाट करत उठतात, तासाभरात तिथेच परत येतात, आणि पिल्लांचे दिवस असतील तर त्या गडबडीत पिल्लं खाली पडतात. फांद्या छाटल्या तर शेजारच्या आंब्यावर जातात, कदाचित तुमच्या घराच्या आणखी जवळच्या. २०२० च्या निसर्ग वादळात दिवेआगर-श्रीवर्धनकडे मोठी झाडं आडवी झाली तेव्हा मी हेच पाहिलं: राहतं झाड गेलं की वाघळं नाहीशी होत नाहीत, उरलेल्या झाडांवर दाटी करतात.

कायदाही बदलला आहे, हे शेजाऱ्यांच्या कानावर घाला. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात फळवाघळं कावळा, उंदीर, घूस यांच्या पंक्तीला, उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत होती, त्यामुळे ‘मारलं तरी चालतं’ असं जुन्या लोकांच्या डोक्यात बसलंय. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, ती अनुसूचीच गेली आणि हे मोठं वाघूळ दुसऱ्या अनुसूचीत संरक्षित झालं. दम्यावर औषध म्हणून त्याचं मटण खाणारे अजून भेटतात. दमा त्याने जात नाही, आणि आता तो गुन्हाही आहे.

वड घराच्या अगदी अंगावर असेल तर करण्यासारखं एवढंच: त्याच्याखाली गाडी लावू नका, कपडे वाळत घालू नका, बसायचा पार दुसरीकडे करा. पाण्याची टाकी आणि विहीर मात्र नक्की झाका. पन्हळीचं पाणी साठवत असाल तर पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी सोडून द्या.

वहिनींच्या भीतीला मी हसणार नाही. निपाह खरा आहे. केरळात कोझिकोड आणि मलप्पुरम जिल्ह्यांत २०१८ मध्ये १७ माणसं गेली आणि त्यानंतरही तिथे तो पुन्हा पुन्हा आला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतून वाघळांचे नमुने घेतले होते, त्यांतही त्याचा माग लागला. पण तो माणसात येतो कसा ते बघा, म्हणजे भीती कुठे धरायची आणि कुठे सोडायची ते कळेल. बांगलादेशात तो मुख्यतः खजुरीच्या कच्च्या रसातून येतो: रात्री मडकं झाडावर, वाघूळ येऊन रस चाटतं, मडक्यात लाळ आणि लघवी पडते, सकाळी माणूस तोच रस पितो. केरळात २०१८ ला बहुतेकांना तो आजारी माणसाच्या जवळ राहून, दवाखान्यात लागला. झाडावर वाघूळ बसलंय म्हणून खाली खळ्यात बसलेल्या माणसाला निपाह होत नाही.

यातून तुमच्या घरापुरते नियम निघतात. चोच मारलेलं किंवा दाताचे व्रण असलेलं फळ खायचं नाही, ते कापून उरलेला भागही खायचा नाही. लहानपणी आम्ही वाघळाने टाकलेला आंबा मुद्दाम उचलायचो, तोच सगळ्यांत गोड असतो म्हणून. नातीला ते शिकवू नका. खाली पडलेलं चांगलं फळही धुऊन, सोलून. ताजी माडी आणत असाल तर काढणाऱ्याला मडक्याचं तोंड रात्री झाकतो का ते विचारा. वाघळाच्या खाली सापडलेली काजूबी मात्र बिनदिक्कत गोळा करा, वरचं बोंड तेवढं हाताने चिवडू नका. बी वाळते, भाजते, सोलली जाते, काही होत नाही. पोफळीच्या आगरात वाघळांनी सोललेल्या सुपाऱ्या वेचणारे आहेत, तेही चालतं, हात साबणाने धुवा.

झाडताना मात्र कंटाळा करू नका. बंद माळ्यावर वर्षानुवर्षं साठलेली सुकी विष्ठा कोरड्या झाडूने उडवली की तिची धूळ छातीत जाते, आणि त्यात फुप्फुसाला त्रास देणारी बुरशी असू शकते. आधी पाणी शिंपडा, नाकाला मास्क किंवा दुपदरी फडकं बांधा, मग फावड्याने काढा. पडवीतला रोजचा चोथा उघड्या हवेतला, तिथे एवढी काळजी नको, पाण्याने धुतलं की पुरे.

चावा किंवा ओरखडा बसला, कितीही बारीक असला, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रेबीजच्या लसीबद्दल बोला. ‘कुत्रं थोडंच चावलंय’ असं म्हणून घरी बसू नका. जाता जाता: सिंधुदुर्गातला माकडताप गोचिडीमुळे होतो आणि पावसाळ्यातला लेप्टोचा ताप मुख्यतः उंदरांमुळे. गावात या दोन्हींचं खापर वाघळांवर फोडलेलं मी ऐकलंय.

कधीतरी एखादी पाकोळी खोलीत शिरेल. पहिली गोष्ट पंखा बंद करा. वाघळांच्या जखमा मी बघतो त्यांत पंख्याच्या पात्याने झालेल्या फार असतात. मग दिवा मालवा, खिडक्या सताड उघडा, माणसांनी बाहेर येऊन दार लोटून घ्या. दहा मिनिटांत ती जाते. केसांत वगैरे अडकत नाही, खोलीत ती गरगर फिरते ती वाट शोधायला. खाली पडलेली दिसली तर उघड्या हाताने उचलू नका. जाड टॉवेल टाकून किंवा पुठ्ठ्याचं खोकं उपडं करून, खालून पुठ्ठा सरकवून उचला आणि झाडाच्या खरखरीत खोडावर माणसाच्या उंचीला टेकवा. जमिनीवरून झेप घेणं मोठ्या वाघळाला फार जड जातं, त्याला आधी चढावं लागतं आणि मग सुटावं लागतं. विजेच्या तारेला चिकटलेलं वाघूळ दिसलं, आणि पिल्लांच्या दिवसांत ते दिसतंच, तर काठीने काढायला जाऊ नका. महावितरणच्या वायरमनला सांगा, वीज बंद झाली की मग वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर फोन करा. आईच्या पोटाला पिल्लू बऱ्याचदा जिवंत असतं.

तुम्ही शेवटी चिकूच्या नुकसानीचंही विचारलंत. चिकू आणि हापूस आपण झाडावर पिकू देत नाही, तयार झाला की कच्चा उतरवतो आणि अढीत पिकवतो. वाघूळ पिकलेलंच खातं. म्हणजे त्याच्या वाट्याला जातं ते बहुतेक उतरवायला उशीर झालेलं फळ. घरापुरती पाच-सात झाडं असतील तर दर चार दिवसांनी उतरवणी करा, पेरूला आणि चांगल्या घडांना कागदी पिशव्या बांधा. आंब्याला वर्तमानपत्राच्या पिशव्या घालायची पद्धत दापोलीच्या कृषी विद्यापीठामुळे आता बऱ्याच बागायतदारांना माहीत आहे. तिने फळमाशीपासूनही फळ वाचतं. अख्ख्या झाडावर जाळं टाकायच्या भानगडीत पडू नका.

भिंतीच्या डागांचं राहिलं. ऑइल पेंट असेल तर त्याच सकाळी साबणाच्या पाण्याने जातात, दुपारपर्यंत ठेवलं तर जांभळाचा डाग धरतो. चुना असेल तर धुवायला जाऊ नका, पसरतो. सुकू द्या, खरवडा आणि पाऊस संपल्यावर एक हात मारा. तोवर लटकायच्या जागेखाली गेरूचा पट्टा ओढून ठेवा, त्यावर डाग दिसत नाही. गणपतीला पाहुणे यायच्या आत सनमायकाचे तुकडे ठोकून झाले असले तर पट्ट्याचीही गरज पडायची नाही.